स्टॉलिंग

माझा मुलगा कुस्तीच्या मॅटवर पडला त्या दुपारी कॉलेजच्या जिममध्ये जे लोक ओरडत होते, त्यातल्या बऱ्याच जणांना मी चेहऱ्याने ओळखत होते. कोणी कोणाची आई होती, कोणी आजोबा. सामना सुरू होण्याआधी आम्ही एकमेकांच्या मुलांची चौकशी केली होती. ते वाईट लोक नव्हते, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. माझ्या नवऱ्याला मात्र ते म्हणणं फार जड गेलं. पुढची दोन वर्षं आमच्या घरात जे झालं ते त्यातूनच झालं.

आम्ही अमेरिकेत, ईडन प्रेरीला राहतो. नवरा एका वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत इंजिनिअर, मी एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. आमच्या ओळखीतल्या मराठी घरांमधली मुलं टेनिस, बुद्धिबळ, तबला असं काही ना काही करायची. आमचा मुलगा सहावी-सातवीत मित्राच्या नादाने शाळेच्या कुस्तीच्या सरावाला गेला आणि तिथलाच झाला. गणपतीच्या कार्यक्रमात एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, कुस्ती कसली? कान मोडतात त्यात. आणि इतक्या लांब येऊन शेवटी कुस्तीच?" मी हसून वेळ मारून नेली.

नवऱ्याला मात्र आभाळ ठेंगणं झालं होतं. त्याचे मामा मिरजेच्या बाजूला जत्रांमधून कुस्त्या मारायचे. ह्याला लहानपणी दमा होता, त्यामुळे ह्याला कुस्तीच्या हौद्यात कधी कोणी उतरू दिलं नाही. तो काठावर बसून मामांचे कपडे सांभाळायचा. मुलाच्या पहिल्या सामन्याला तो इतका घाबरला होता की पार्किंगमध्ये गाडी चालूच ठेवून आत आला.

इथली कुस्ती त्याला आधी कळेना. "पाठ लागली की संपलं, असं असायला पाहिजे," तो म्हणायचा. "हे गुण कसले मोजतात? पाडलं की गुण, सुटलं की गुण, नुसतं वर बसून राहिलं तरी गुण." पण तो शिकला. मुलगा हायस्कूलमधून आमच्या घरापासून दोन तासांवरच्या एका छोट्या कॉलेजात गेला आणि त्यांच्या संघात आला, तोवर नवऱ्याला नियम तोंडपाठ झाले होते.

त्या कॉलेजच्या जिममध्ये आमच्या पुढच्या, म्हणजे तिसऱ्या रांगेत एक निवृत्त डेंटिस्ट बसायचे. सत्तरीचे, उंच, दोन्ही कान फुलकोबीसारखे गोळा झालेले. तरुणपणी ह्याच कॉलेजकडून खेळलेले. त्यांचं स्वतःचं कोणी संघात नव्हतं, तरी घरचा एकही सामना ते चुकवत नसत. नवऱ्याची आणि त्यांची गट्टी जमली. मध्यंतरात दोघं नियमांवर वाद घालायचे आणि त्यात त्यांना इतका आनंद व्हायचा की मी पुस्तक घेऊन जायला लागले.

वाद बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर असायचा. कुस्तीगीर पुढे असला की तो लढायचं सोडून वेळ काढतो, मॅटच्या कडेकडेने फिरतो, समोरच्याचे हात नुसते झटकत राहतो. ह्याला स्टॉलिंग म्हणतात. रेफरी आधी ताकीद देतो, पुन्हा केलं तर समोरच्याला गुण देतो. पण ते कधी द्यायचं हे रेफरीच्या मनावर. त्यामुळे प्रेक्षक त्याला सतत आठवण करून देत असतात. "स्टॉलिंग! स्टॉलिंग!" ही आरोळी त्या जिममध्ये बाकी कुठल्याही शब्दापेक्षा जास्त ऐकू यायची. नवऱ्याचं म्हणणं, कोण दमलाय, कोण धोरणाने खेळतोय आणि कोण पळतोय हे बाहेरून कळत नाही. त्यापेक्षा सरळ रेषा ठरवा, बाहेर गेला की एक गुण गेला. डेंटिस्टना ते बिलकूल मान्य नव्हतं.

"मग ते ढकलाढकली करतील, कुस्ती नाही," ते म्हणायचे. "लोक लढत बघायला येतात. आता चांगली पोरं मोठी कॉलेजं उचलून नेतात, आपल्याकडे उरतात त्यांनी तरी लढलं पाहिजे. नाही लढली तर हे बाक रिकामे होतील आणि बाक रिकामे झाले की कॉलेज हा संघ बंद करेल. मी शेजारच्या दोन कॉलेजांत ते झालेलं पाहिलंय."

ते घरच्या संघाच्या पोरांनाही सोडायचे नाहीत. आमच्या संघातला मुलगा पळायला लागला तरी हे तिसऱ्या रांगेतून ओरडणार. नवऱ्याला ह्याचं कौतुक होतं. "माणूस सच्चा आहे," असं तो गाडीत मला म्हणायचा.

त्या शनिवारी समोरचा मुलगा राज्यातल्या एका मोठ्या संघातून बदली होऊन आलेला होता. आमचा मुलगा त्याच्यापुढे टिकेल असं कोणाला वाटलं नव्हतं. पण शेवटच्या भागात आमचा एका गुणाने पुढे होता. सगळं जिम उभं राहिलं होतं. आणि मग तो मागे सरकायला लागला. डावीकडे फिर, कडेला जा, हात झटक. एकदा ताकीद मिळाली. समोरच्यांचे प्रेक्षक तर ओरडतच होते, पण मला त्यातून आमच्या पुढच्या रांगेतला तो ओळखीचा जाड आवाजही ऐकू आला. "स्टॉलिंग, रेफ! दे गुण!"

रेफरीने मूठ वर केली. समोरच्याला गुण मिळाला, बरोबरी झाली. आता आमच्याला हल्ला करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो वाकून आत घुसला, दमलेला होता, डोकं खाली गेलं, आणि समोरच्याने आपले पाय मागे टाकून सगळं वजन त्याच्या मानेवर सोडलं. नियमाप्रमाणे त्यात काही गैर नव्हतं. तो मुलगा लगेच बाजूला झाला. त्याने दोन्ही हात वर करून ट्रेनरला हाक मारली, हे मी विसरलेले नाही.

माझा मुलगा पालथा पडला होता आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं मॅटवर उघडी पडली होती. त्याने ती मिटली नाहीत.

मानेच्या मज्जारज्जूला मार बसला होता. ऑपरेशन झालं, मानेत धातूची पट्टी बसवली. काही आठवड्यांनी पाय हलायला लागले, आणि डॉक्टर म्हणाले, तुम्ही नशीबवान आहात. तो चालायला लागला. हात परत आले नाहीत. आले, पण अर्धेच. खांदा आणि कोपर चालतं, बोटांना जोर नाही. चमचा धरता येतो, जाड दांड्याचा. पेन धरता येत नाही.

डेंटिस्ट हॉस्पिटलमध्ये आले होते. बायकोने ओव्हनमध्ये केलेलं बटाट्याचं कॅसरोल घेऊन. ते मुलाच्या पलंगाशी बराच वेळ उभे राहिले, त्याचा पाय पांघरुणावरून हलकेच दाबला, आणि बाहेर व्हरांड्यात येऊन रडले. मी त्यांना पाणी दिलं. पुढे एकदा ते आमच्या घरीही येऊन गेले, जेवले, मुलासाठी हाताचे व्यायाम करायला रबरी चेंडू आणले.

साधारण त्याच सुमाराला नवरा इंटरनेटवरच्या एका फोरमवर जायला लागला. राज्यातल्या कुस्तीशौकिनांचा तो फोरम. तिथे लोक टोपणनावांनी लिहितात. मुलाच्या सामन्याचा व्हिडिओ कोणीतरी तिथे टाकला होता आणि त्याखाली वाद पेटला होता. रेफरीने दिलेला गुण बरोबर की चूक? एका बाजूचे म्हणत होते, प्रेक्षकांच्या आरडाओरड्याला घाबरून रेफरी निर्णय देतात, दमलेल्या पोराला जबरदस्तीने हल्ला करायला लावलं. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते, पळत होता, गुण गेला, त्याचा दुखापतीशी संबंध काय? दुखत होतं तर दुखापतीसाठी वेळ मागायचा होता. त्यावर कोणी म्हणे, वेळ मागितला की पुढची सुरुवात कशी करायची ते समोरचा ठरवतो, म्हणजे फायदा त्याचा, मग कोण मागेल? हा नियम ढोंग्यांसाठी केला, पण त्यात खरे दुखावलेलेही गप्प बसतात.

आमच्या मुलाचं नाव कोणी घेत नव्हतं. 'तो घरच्या संघाचा पोरगा' असं लिहीत होते. एकाने लिहिलं होतं, 'व्हिडिओ बघून वाईट वाटलं, पण एका दुखापतीसाठी खेळ मऊ करू नका.'

नवऱ्याने आपण कोण ते सांगितलं नाही. एक टोपणनाव घेतलं आणि लिहायला लागला. आधी छोटं, मग लांबलचक. व्हिडिओ थांबवून थांबवून त्याने एक जागा शोधली होती. सामन्याच्या पहिल्या भागात मुलगा मानेला हात लावतो. फक्त एकदा, क्षणभर. ह्यावर त्याची सगळी मांडणी उभी होती. मान आधीपासून दुखत होती, मुलगा मान सांभाळत मागे सरकत होता, ते स्टॉलिंग नव्हतंच, आणि जमावाने ओरडून त्याला मोडलं. त्याने रेषेचा नियमही मांडला, बाहेर गेला की गुण, म्हणजे रेफरीच्या मनावर काही राहणार नाही. काही लोक त्याच्या बाजूने झाले. रोज ऑफिसातून आला की बूट न काढता तो आधी लॅपटॉप उघडायचा.

मुलगा शेजारच्या खोलीत चेंडू दाबत असायचा. "बाबा काय करतोय?" तो मला विचारायचा. मी सांगायचे, "काम आहे त्याला."

एका रविवारी सकाळी नवऱ्याने मला हाक मारली. त्याचा आवाज विचित्र होता. "अगं, हे वाच."

फोरमवरचा एक जुना सभासद पहिल्यापासून त्याच्या विरुद्ध लिहीत होता. कधी शिवीगाळ नाही, पण एक इंचही मागे नाही. त्या दिवशी त्याने लिहिलं होतं की मी त्या जिममध्ये होतो, तिसऱ्या रांगेत. मी त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना ओळखतो, त्यांच्यासारखी माणसं मिळणार नाहीत. मीही ओरडलो होतो. आमचाच पोरगा होता तरी ओरडलो, कारण तो पळत होता. निर्णय बरोबर होता.

"आपल्या घरी जेवला हा माणूस," नवरा म्हणाला. "ह्या टेबलावर."

मी त्याला थांबवायचा प्रयत्न केला. तो गाडी घेऊन निघाला, म्हणून मी शेजारी जाऊन बसले. दोन तासांनी आम्ही पोचलो. डेंटिस्ट घराबाहेरचा बर्फ काढत होते. आम्हाला बघून फावडं बाजूला ठेवून हसत पुढे आले, आणि नवऱ्याने त्यांच्यासमोर फोन धरला.

त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला. "म्हणजे तो तू आहेस," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, तुझ्यासारखं बोलतोय कोणीतरी."

"तुम्ही माझ्या मुलाच्या पलंगाशी रडलात," नवरा म्हणाला. "आणि घरी येऊन हे लिहिलंत?"

"दोन्ही खरं आहे."

"दोन्ही खरं कसं असेल?"

"तू काय लिहायला सांगतोस? तो पळत नव्हता असं? मी पन्नास वर्षं बघतोय. तो माझा नातू असता तरी मी हेच म्हटलं असतं." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "मला झोप लागत नाही. पण त्यासाठी मी खोटं लिहिणार नाही."

"त्याची मान दुखत होती!" नवरा इतक्या मोठ्याने ओरडला की समोरच्या घराचं दार उघडलं. "त्याने हात लावला होता मानेला! तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला..." त्याला खोकल्याची उबळ आली, जुना दमा. डेंटिस्टनी आधाराला हात पुढे केला तो ह्याने झटकला. मी त्याला गाडीत बसवलं. परत येताना मी गाडी चालवली.

घरी आलो तर मुलगा स्वयंपाकघरात बसला होता. आम्ही कुठे गेलो होतो ते त्याला कळलं होतं. डेंटिस्टनी त्याला फोन केला होता, बाबा ठीक पोचला का ते विचारायला. आणि लॅपटॉप उघडाच राहिला होता. टेबलावर, त्याच्यासमोर.

तो आमच्याशी बहुतेक इंग्लिशमध्येच बोलतो. त्या दिवशी मराठीत बोलला. हळू, शब्द शोधत.

"बाबा, माझी मान दुखत नव्हती."

"तुला आठवत नसेल. पहिल्या राउंडमध्ये तू..."

"हेडगिअरचा पट्टा टोचत होता. म्हणून हात लावला." त्याने मनगटाने लॅपटॉप पुढे सरकवला. "मी स्टॉलिंग करत होतो. कोचने सांगितलं होतं, लीड आहे, सर्कल कर. मी दमलो होतो आणि मला जिंकायचं होतं. रेफचा कॉल बरोबर होता."

नवरा उभाच होता. "मग तू इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तू मला विचारलंच नाहीस. तू व्हिडिओ बघत बसलास."

मी काहीतरी बोलणार होते, पण मुलाने मान हलवून मला नको म्हटलं. मग तो बाबाकडे बघून इंग्लिशमध्ये म्हणाला की त्या फोरमवर सगळे माझ्या मानेबद्दल बोलतात, तूही. त्यांना मी माहीत नाही म्हणून त्यांचं ठीक आहे.

नवरा वर निघून गेला. जिन्यावरून त्याची पावलं फार सावकाश वाजली. कोणावर रागवायचं ते त्याला दीड वर्ष माहीत होतं, आणि आता ते गेलं होतं. मुलगा चूक नव्हता, सगळेच तसं खेळतात. रेफरी चूक नव्हता. समोरचा मुलगा चूक नव्हता. तिसऱ्या रांगेतला म्हातारा, तोही नव्हता. मी खाली बसून मुलाच्या हाताला तेल लावत राहिले. थेरपिस्टने सांगितलं नव्हतं, मला दुसरं काही सुचत नव्हतं.

नवऱ्याने फोरमवर पुन्हा काही लिहिलं नाही. त्याच्या बाजूचे लोक काही दिवस त्याला हाका मारत राहिले, कुठे गेलास म्हणून. मग वाद दुसऱ्या कुठल्यातरी सामन्याकडे वळला. घरात मात्र एक शांतता आली आणि ती चांगली नव्हती. आधी तो रागात तरी असायचा. आता ऑफिसातून येऊन गॅरेजमध्ये जायचा आणि हत्यारं उगाच इकडून तिकडे लावत बसायचा. मी एकदा म्हटलं, आपण कोणाशी तरी बोलू, समुपदेशकाशी. तो म्हणाला, "बोलून काय सांगू? सगळे बरोबर होते असं?"

पुढच्या वर्षी कॉलेजने कुस्तीचा संघ बंद केला. डेंटिस्ट म्हणाले होते तसंच झालं, पण त्याचं कारण स्टॉलिंग होतं की दुखापतीची भीती की नुसते रिकामे बाक, कोणालाच नीट माहीत नाही. फोरमवर त्यावरही भांडणं झाली. एका गटाने कंटाळवाण्या कुस्तीला दोष दिला, दुसऱ्याने क्रूर कुस्तीला. शेवटच्या सामन्याला मुलाला जायचं होतं, म्हणून मी घेऊन गेले. नवरा आला नाही.

जिम अर्धंही भरलं नव्हतं. डेंटिस्ट त्यांच्या जागी होते, आणखी वाकलेले. मुलगा त्यांच्या शेजारी जाऊन बसला. मी मागे. शेवटच्या कुस्तीत आमच्या संघातला जड वजनगटाचा मुलगा पुढे होता आणि पळत होता. अगदी उघड पळत होता. मी डेंटिस्टकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या मुलाने त्यांच्याकडे वळून पाहिलं, काही वेळ वाट पाहिली, आणि मग स्वतःच ओरडला. "स्टॉलिंग!" आवाज जिमभर घुमला. काही लोकांनी वळून पाहिलं आणि ज्यांनी त्याला ओळखलं त्यांनी माना खाली घातल्या. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

परतताना मी विचारलं, "असं का केलंस?"

"कारण तो करत होता," मुलगा म्हणाला. मग खिडकीबाहेर बघत इंग्लिशमध्ये म्हणाला, "आई, मला तो खेळ आवडायचा. ते कोणी विचारतच नाही."

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. मुलाने कदाचित सांगितलं असेल.

आता मुलगा दुसऱ्या राज्यात, शॉमबर्गला असतो. एका कंपनीत डेटाचं काम करतो, बोलून टाइप करतो. मागच्या महिन्यात आम्ही त्याला अपार्टमेंट लावून द्यायला गेलो होतो. नवऱ्याने दिवसभर खपून दारांचे गोल नॉब काढले आणि लांब दांड्या बसवल्या, कारण गोल वस्तू त्याच्या हातात फिरत नाही. नळही बदलले. मुलगा सोफ्यावर बसून बघत होता. दोघं मोजकंच बोलत होते. स्क्रू दे. हा नाही, लांबवाला. मुलाने स्क्रू तळहातावर घेऊन पुढे केला, तो घरंगळून खाली पडला, नवऱ्याने उचलला.

संध्याकाळी मुलाने टीव्हीवर एक कुस्ती लावली. कोणीतरी कडेकडेने फिरत होता आणि लोक ओरडायला लागले होते. नवरा उठून बाल्कनीत गेला. मुलाने आवाज कमी केला, पण कुस्ती बंद केली नाही. मी दोघांच्या मधल्या दारात उभी होते. बाल्कनीत जावं की आत बसावं, मला कळत नव्हतं. मग मी चहा टाकायला गेले.